फोर्सिथिया: लिनवुड लावावा की मेडोलार्क?

शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलच्या आसपास राहणारी ओळखीची मंडळी दर एप्रिलमध्ये मला एकच गोष्ट विचारतात. आमच्या मागच्या कुंपणाशी पिवळंधमक फुललेलं झुडूप त्यांनी पाहिलेलं असतं. ते फोर्सिथियाचं आहे हेही त्यांना माहीत असतं. पण नर्सरीत गेलं की एकाच नावाखाली चार-पाच वेगवेगळ्या चिठ्ठ्या लटकलेल्या दिसतात आणि हात थांबतो. आमच्या अंगणात त्यातले दोन वाण एकाच कुंपणालगत, तीसेक फुटांवर उभे आहेत. लिनवुड मी २०११च्या शरदात लावला, मेडोलार्क २०१६ साली. माती तीच, चिकट आणि जड. ऊन तेच, वारा तोच. त्यामुळे या दोघांबद्दल मी जे सांगतो ते एका घराच्या अनुभवापुरतं असलं, तरी दोघांना सारखीच संधी मिळालेली आहे एवढं नक्की.

खड्डा किती खोल, पाणी किती, ऊन किती तास, यात मी शिरत नाही. ते चिठ्ठीवर असतं, आणि दोन्ही वाणांना सारखंच लागू पडतं.

आधी लिनवुड, कारण बहुतेक दुकानांत तोच पुढे मांडलेला असतो. कुठे ‘लिनवुड गोल्ड’ असंही लिहितात, वाण एकच. उत्तर आयर्लंडमधल्या कुक्सटाउन गावी एका बागेत ‘स्पेक्टाबिलिस’ नावाचा जुना वाण होता. १९३५ साली त्याच्या एका फांदीवर वेगळीच फुलं आलेली दिसली, आणि त्या फांदीपासून हा वाण वाढवला गेला. लिनवुड हे त्या घराचं नाव. ती फांदी नजरेत का भरली असेल, हे पूर्ण फुललेला लिनवुड एकदा बघितला की कळतं. फुलं काडीच्या तळापासून शेंड्यापर्यंत सारखी पसरलेली असतात, मध्ये उघडी जागा राहत नाही, आणि चारही पाकळ्या सपाट उघडतात. रंग ओल्या हळदीसारखा दाट. झुडूप उभं, ताठ वाढतं. नुसत्या देखणेपणावर निकाल द्यायचा असता तर हा लेख इथेच संपला असता.

आमच्या लिनवुडने पहिल्याच वसंतात मला जिंकून घेतलं होतं. २०१२चा मार्च शिकागोकरांना आठवत असेल. महिन्याच्या मध्यात पारा कितीतरी दिवस ऐंशी फॅरनहाइटच्या वर राहिला होता. एरवी एप्रिलमध्ये फुलणारं झुडूप त्या वर्षी मार्चमध्येच फुललं, आणि पाडवा होता २३ मार्चला. झुडूप अजून कमरेएवढंही नव्हतं, तरी त्याच्या दोन काड्या काढून मी गुढीला बांधल्या. परदेशात आल्यापासून अंगणातलं ताजं फूल गुढीला लागायची ती पहिली वेळ. त्यानंतर पाडव्याला आमच्याकडे फोर्सिथिया हवाच, असा पायंडा पडला.

मग आला २०१४चा हिवाळा.

६ जानेवारीला शिकागोच्या ओ’हेअर विमानतळावर उणे १६ फॅरनहाइटची नोंद झाली, म्हणजे जवळपास उणे २७ सेल्सिअस. अंगणात तेव्हा दीडेक वीत बर्फ होता. एप्रिलमध्ये लिनवुडला फुलं आली ती फक्त त्या दीड वितीपर्यंत. जमिनीलगत पिवळा गोल घेर, जणू परकराचा जरीकाठ, आणि त्याच्या वर पाच फूट नुसत्या करड्या काड्या. काही आठवड्यांनी त्याच काड्यांना व्यवस्थित हिरवी पानं फुटली. झुडूप मेलं नव्हतं, आजारीही नव्हतं. फक्त फुलं गेली होती, तीही बरोबर बर्फाच्या पातळीपासून वर, फूटपट्टी लावून रेघ मारल्यासारखी.

मी तासगावकडचा. वडिलांची द्राक्षबाग होती, त्यामुळे काडी आणि डोळा, म्हणजे तिच्यावरचा अंकुर, या गोष्टी लहानपणापासून हाताखालून गेलेल्या. काडी पक्व झाली आहे, पण डोळा फुटत नाही, हे बघितल्यावर मला स्वस्थ बसवेना. झुडपाजवळ बसून एकेक कळी नखाने उभी चिरून पाहिली. खालच्या कळ्या आतून हिरव्या-पिवळ्या, ओलसर. वरच्या सगळ्या काळपट तपकिरी, चुरा होणाऱ्या.

कारण समजायला अवघड नाही. फोर्सिथियाच्या फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच काडीवर तयार होतात आणि सबंध हिवाळा उघड्यावर काढतात. लाकूड काटक असतं, ते कितीतरी जास्त थंडी सोसतं. पानांचे डोळेही सोसतात. फुलांची कळी मात्र नाजूक. लिनवुडच्या कळ्या साधारण उणे १० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे २३ सेल्सिअसच्या आसपास तग धरतात. त्याखाली पारा गेला की बर्फाच्या दुलईत गाडलेल्या तेवढ्या वाचतात, उघड्यावरच्या मरतात.

इथेच ती चिठ्ठी माणसाला फसवते. तिच्यावर ‘पट्टा पाच’ छापलेलं असतं आणि ते खोटं नाही. पण तो पट्टा झुडूप जगण्याचा आहे, फुलण्याचा नव्हे. पाचवा पट्टा म्हणजे जिथे हिवाळ्यातलं सरासरी नीचांकी तापमान उणे १० ते उणे २० फॅरनहाइट असतं तो भाग. म्हणजे लिनवुडच्या कळ्यांची सहनशक्ती जिथे संपते, तिथेच हा पट्टा सुरू होतो. अमेरिकी कृषी खात्याच्या या पट्ट्यांच्या २०२३च्या नव्या नकाशात आमच्या बाजूचे बरेच भाग अर्ध्या पायरीने उबदार दाखवले आहेत आणि आता थंडी पूर्वीसारखी राहिली नाही असंही ऐकू येतं. ते खरं असेल. पण नकाशा सरासरीचा असतो, आणि कळ्या मारायला जानेवारीतली एक रात्र पुरते.

पुढच्या हिवाळ्यात मी उपाय करून पाहिले. लिनवुडला गोणपाट गुंडाळलं. त्याने वारा अडतो, पण झुडपाला स्वतःची ऊब नसते, त्यामुळे आतलं तापमान शेवटी बाहेरच्याएवढंच होतं. मला तरी त्याचा म्हणावा असा उपयोग दिसला नाही. फांद्या वाकवून बर्फाखाली दाबायचंही करून बघितलं. पण हा वाण ताठ वाढणारा. दोन जाड फांद्या बुडाशी फाटल्या, तेव्हा तो नाद सोडला. मला वाटतं, दर हिवाळ्यात ज्याच्याभोवती असं धावावं लागतं ते झुडूप आपल्या हवेचं नाही, एवढंच समजावं. गुलाबासाठी मी करीन एवढं. कुंपणाच्या झुडपासाठी नाही.

आता मेडोलार्क. तो मी शोधून आणला, कारण साध्या दुकानांत सहसा मिळत नाही. याच्या अंगात कोरियातली ओव्हाटा आणि बाल्कन भागातली युरोपिया अशा दोन जातींचं रक्त आहे. उत्तर डाकोटा आणि दक्षिण डाकोटा ही दोन राज्य विद्यापीठं आणि बोस्टनचं आर्नल्ड आर्बोरेटम हे वृक्षोद्यान यांनी मिळून तो १९८०च्या दशकात बाहेर आणला. मेडोलार्क हा पिवळ्या छातीचा माळरानातला पक्षी. त्यातला पश्चिमेकडचा प्रकार उत्तर डाकोटाचा राज्यपक्षी आहे. तिथला हिवाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको की त्या मातीत निवडून काढलेल्या वाणाकडून काय अपेक्षा ठेवावी. याच्या कळ्या उणे ३५ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे ३७ सेल्सिअसपर्यंत टिकतात असं सांगितलं जातं.

सांगितलेलं आणि पाहिलेलं यात फरक असतो, म्हणून मी वाट पाहिली. पहिली दोन वर्षं काहीच सिद्ध झालं नाही. हिवाळे सौम्य गेले, दोन्ही झुडपं फुलली, आणि खरं सांगायचं तर लिनवुडच जास्त छान दिसत होता. मेडोलार्कची फुलं जरा लहान, रंग लिंबाकडे झुकणारा, आणि झुडूप अजून विस्कटलेलं. पत्नीने एकदा विचारलंही, की याच्यासाठी एवढी वणवण कशाला केलीत?

३० जानेवारी २०१९ ला उत्तर मिळालं. त्या सकाळी ओ’हेअरवर उणे २३ फॅरनहाइट होतं, उणे ३१ सेल्सिअसच्या जवळ. शाळा बंद, कार्यालयं बंद. बाहेर श्वास घेतला की नाकात काटे टोचत. मी खिडकीतून त्या दोन झुडपांकडे बघत होतो आणि मनात म्हटलं, आता कळेल.

त्या वर्षी पाडवा ६ एप्रिलला होता. थंडी लांबलेली, त्यामुळे झुडपावर फुलं वेळेत उमलतील असं दिसत नव्हतं. अशा वर्षी मी आठ-दहा दिवस आधी काड्या कापून कोमट पाण्याच्या बादलीत घरात ठेवतो. उबेने कळ्या लवकर उघडतात. त्या वेळी मुद्दाम दोन बादल्या केल्या. एकीत लिनवुडच्या वरच्या भागातल्या बारा काड्या, दुसरीत मेडोलार्कच्या तेवढ्याच लांबीच्या बारा. पाचव्या दिवशी मेडोलार्कच्या कळ्यांना पिवळं टोक दिसलं. आठव्या दिवशी सगळी बादली फुलली होती. लिनवुडच्या बारापैकी एकाही काडीवर एकही फूल नव्हतं. पाडव्याच्या सकाळी गुढीच्या हिरव्या खणावर तो फिका लिंबाचा रंग इतका शोभून दिसला की पत्नीने वणवणीची गोष्ट पुन्हा काढली नाही. एप्रिलच्या शेवटी अंगणातही तेच चित्र. मेडोलार्क तळापासून शेंड्यापर्यंत फुललेला, आणि तीस फुटांवर लिनवुडच्या पायाशी तो ओळखीचा जरीकाठ.

माझ्यापुरता प्रश्न त्या दिवशी सुटला. बारा काड्या म्हणजे काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, हे मला मान्य आहे. पण त्यानंतर जेव्हा जेव्हा कडक थंडी पडली, तेव्हा कमीअधिक प्रमाणात हेच झालं. मेडोलार्कने एकही वसंत चुकवलेला नाही.

तरी त्याचे दोष लपवून उपयोग नाही. तो मोठा होतो, आणि त्याला शिस्त नाही. आमचा आज नऊ फूट उंच आणि जवळपास तेवढाच रुंद आहे. फांद्या कमानीसारख्या बाहेर पडतात आणि जिथे जमिनीला टेकतात तिथे मुळं धरतात. अरुंद जागेत, खिडकीखाली किंवा पायवाटेला लागून तो कधीही लावू नका. लिनवुडही लहान नाही, पण त्याची उभी वाढ जागेत सामावून घेता येते. मेडोलार्कला आठ-दहा फूट मोकळी जागा मनापासून द्यायची असेल तरच घ्या. लहान अंगणासाठी ‘ब्रॉन्क्सेन्सिस’सारखे बुटके वाण आहेत, पण ते मी स्वतः लावलेले नाहीत.

दुसरं, त्याला धीर लागतो. मी एक गॅलनच्या कुंडीतलं रोप आणलं होतं. भरगच्च म्हणावीत अशी फुलं तिसऱ्या वर्षी आली. लिनवुड सुरुवातीपासून देतो.

तिसरं, रंग. समोरासमोर उभे केले तर लिनवुड डोळ्यांत भरतो आणि मेडोलार्क मागे पडतो. पण एप्रिलच्या सुरुवातीला आमच्याकडे अजून गवतही तपकिरीच असतं. त्या पार्श्वभूमीवर फिका पिवळा फिका वाटत नाही. शिवाय मेडोलार्क तीन-चार दिवस आधी उघडतो. पाच महिने करडा-पांढरा रंग बघितलेल्या माणसाला तीन-चार दिवस ही छोटी गोष्ट नसते.

छाटणीच्या बाबतीत दोघांत फरक नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण थंडीनंतर फुलांचा दुसरा शत्रू तोच. फुलं गळली की लगेच, मेअखेरीच्या आत छाटायचं. नंतर कात्री ठेवून द्यायची. आपल्याकडे द्राक्षाची एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, त्यामुळे ऑक्टोबर म्हटलं की माझा हात अजूनही सिकेटरकडे जातो. पण ऑक्टोबरमध्ये फोर्सिथिया छाटणं म्हणजे पुढच्या वर्षीच्या सगळ्या फुलांवर पाणी सोडणं. एका वर्षी आम्ही बाग आवरायला माणसं लावली होती. त्यांनी शरदात दोन्ही झुडपं यंत्राने चेंडूसारखी गोल करून ठेवली. मी घरी आलो तेव्हा कळ्यांनी भरलेल्या काड्यांचा ढीग रस्त्याकडेला पडलेला होता. तो बघवला नाही. आता ती दोन झुडपं मी कुणाच्या हाती देत नाही. दर वर्षी सगळ्यात जुन्या, जाड फांद्यांपैकी एक तृतीयांश अगदी बुडाशी कापतो, शेंडे खुडत नाही. त्याने कमान टिकते आणि आतून नवी काडी येते. मेडोलार्कचा पसारा याच पद्धतीने आटोक्यात राहतो, हेही सांगून ठेवतो.

आई २०१९च्या उन्हाळ्यापर्यंत राहायला आली होती. फुललेल्या मेडोलार्कजवळ गेली, एक फांदी नाकाशी धरली आणि म्हणाली, “अरे, याला वास कसा नाही?” मी तिला सांगितलं की हे झाड जाई-मोगऱ्याच्या आणि पारिजातकाच्या कुळातलं, सगळी एकाच मोठ्या घराण्यातली. ती बराच वेळ त्या फुलांकडे बघत राहिली. “वास घरीच ठेवून आलंय,” म्हणाली. सुवासाच्या आशेने फोर्सिथिया घेणार असाल तर दोन्हींपैकी कुणीही तुमची आशा पुरी करणार नाही. मधमाश्यांसाठी काही लावायचं मनात असेल, तर इलिनॉयचं स्वतःचं स्पाइसबुश नावाचं झुडूप आहे. तेही वसंताच्या सुरुवातीला पिवळं फुलतं आणि पानं चुरगळली की सुगंध देतं. फुलांचा थाट मात्र फोर्सिथियाएवढा नाही.

हे सगळं वाचून लिनवुड कुणीच लावू नये असं मी म्हणतोय असं वाटेल. तसं नाही. न्यू जर्सीत, मेरीलंड-व्हर्जिनियाकडे राहत असाल, तर डोळे झाकून लिनवुड घ्या. फोर्सिथिया हे ब्रुकलिनचं अधिकृत फूल आहे, १९४० पासून. वॉशिंग्टनच्या डम्बर्टन ओक्स बागेत त्याचा एक सबंध उतार आहे, तो एकदा फुललेला बघून या. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या माझ्या मावसभावाकडचा लिनवुड आमच्या दोन्ही झुडपांना मागे टाकील असा फुलतो, आणि बर्फाची रेषा म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागलं. शिकागो शहरात, मिशिगन तलावाच्या अगदी जवळ राहणाऱ्यांचंही बरं चालतं. पाण्याच्या उबेने तिथली थंडी आमच्यापेक्षा थोडी सौम्य असते.

पण आमच्यासारख्या उपनगरांत, विस्कॉन्सिनमध्ये, आयोवात, आणि मिनेसोटात तर नक्कीच, मी मेडोलार्ककडे झुकेन. तो मिळाला नाही तर त्याच रक्ताचे आणखी दोन वाण आहेत: कॅनडाच्या सरकारी संशोधकांनी ओटावात तयार केलेला ‘नॉर्दर्न गोल्ड’ आणि मिनेसोटा विद्यापीठाचा ‘नॉर्दर्न सन’. टोरंटो-ओटावाकडच्या मंडळींना नॉर्दर्न गोल्ड सहज मिळावा. दुकानात विचारताना ‘हे झुडूप कितव्या पट्ट्यातलं’ असं विचारू नका, ‘याच्या फुलांच्या कळ्या किती थंडी सोसतात’ असं विचारा. विकणाऱ्याला त्याचं उत्तर देता आलं नाही तर मी त्याच्याकडून फोर्सिथिया घेणार नाही. आणि जमलं तर एप्रिलमध्ये, एखाद्या कडक हिवाळ्यानंतर, शेजारपाजारची झुडपं नुसती बघत फिरा. ज्यांना फक्त गुडघ्याखाली फुलं आहेत, ती कुठल्या प्रकारची आहेत ते तुम्हाला आता ओळखू येईल. जवळच लाइलला मॉर्टन आर्बोरेटम आहे, तिथेही एक फेरी होऊ शकते.

आमचा लिनवुड मी काढलेला नाही. सौम्य हिवाळा गेला की तो अजूनही सगळ्या अंगणात देखणा दिसतो, आणि पहिल्या पाडव्याला गुढीला लागलेल्या काड्या त्याच्याच होत्या. मेडोलार्कच्या ज्या फांद्या जमिनीला टेकतात त्यांवर मात्र मी दर जूनमध्ये माती आणि एकेक दगड ठेवतो, घरी वेलींना दाब कलम करायचो तसा. पुढच्या वसंतापर्यंत मुळं धरतात. गेल्या वर्षीची तीन निघाली. एक नव्या घरात राहायला गेलेल्या मित्राच्या कुंपणाशी आहे, एक मुलीच्या शाळेतल्या बाईंकडे. तिसरं कुंडीत तयार आहे, एप्रिलमध्ये जो पहिल्यांदा विचारील त्याच्यासाठी.